सरकारी प्रयोगशाळेतलं वैद्यकीय तंत्रज्ञान कोकणातल्या कारखान्यात आणताना: आधी काय, मग काय

लोटे, महाड, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा उद्योजक सरकारी प्रयोगशाळेकडून तंत्रज्ञान घेतो, तेव्हा बहुतेक वेळा असं होतं: प्रदर्शनात पोस्टर पाहिलं, शास्त्रज्ञांशी बोलणं झालं, करारावर सही केली, फी भरली, फोटो पेपरात आला. विचारपूस त्यानंतर सुरू होते. परवाना कुठल्या वर्गाचा लागणार? पेटंट जिवंत आहे का? पेशी कुठे साठवायच्या? तोवर पैसे गेलेले असतात, आणि सरकारी खात्यात गेलेली फी परत येत नाही.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. सहावा टप्पा सहीचा आहे, पहिला नाही. उदाहरणासाठी दोन वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत: लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे लेप्टो तापाचं, पट्टीवर झटपट निदान करणारं रॅपिड किट आणि कोळंबीच्या टरफलांपासून केलेल्या कायटोसानचं जखमेवरचं ड्रेसिंग. दोन्हींची गरज आणि कच्चा माल आपल्याकडेच आहे. तरी लेख जास्त वेळ किटवरच थांबतो, कारण फसायला जागा तिथे जास्त आहेत.

## टप्पा १ : मालक कोण, ते शोधा

प्रयोगशाळा एक आणि पेटंटचा मालक दुसराच, हे नेहमीचं आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांची पेटंटं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या नावावर असतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था किंवा परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था असेल, तर अर्जदार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पेटंटवर अणुऊर्जा विभागाच्या सचिवांचं पद अर्जदार म्हणून दिसतं.

त्यामुळे पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ शोधात प्रयोगशाळेचं नाव टाकलं आणि काही सापडलं नाही, म्हणजे पेटंट नाही असं धरून चालू नका. मूळ संस्थेच्या नावाने शोधा, शिवाय संशोधकाच्या आडनावाने शोधा, आणि आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

पेटंट सापडलं की ई-रजिस्टर उघडा आणि तीन गोष्टी टिपून घ्या.

अर्जाची तारीख. पेटंटचं आयुष्य मंजुरीपासून नाही, अर्जापासून २० वर्षं मोजतात. अर्ज १४ वर्षांपूर्वीचा असेल आणि तुम्हाला बाजारात यायला ३ वर्षं लागणार असतील, तर संरक्षणाची ३ वर्षंच हातात उरतात. फी त्या हिशेबाने बोला.

नूतनीकरण. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरावं लागतं. ते न भरल्याने पेटंट बंद पडलं असेल, तर १८ महिन्यांच्या आत पुनरुज्जीवनासाठी अर्ज करता येतो. ती मुदतही गेली असेल, तर तो शोध कोणालाही वापरता येतो. मग पैसे द्यायचे ते कृतीच्या माहितीचे आणि साहित्याचे, पेटंटचे नाहीत.

सहमालक. वैद्यकीय महाविद्यालय किंवा दुसरी संस्था सहअर्जदार असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. ती संमती लेखी मागा. ‘आमचं बोलणं झालंय’ एवढ्यावर थांबू नका.

निदान किटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कलम ३(आय) नुसार निदानाची पद्धत भारतात पेटंटपात्र नाही. त्यामुळे बऱ्याच किटना पेटंट नसतंच, किंवा एखाद्या घटकापुरतंच असतं. खरी मालमत्ता म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या हायब्रिडोमा पेशी, अँटिजेनचा क्लोन आणि ते वापरण्याची कृती. ‘पेटंटेड तंत्रज्ञान’ असं पोस्टरवर लिहिलेलं असलं, तरी नेमकं कशाचं पेटंट, हे दाव्यांच्या पानावर वाचा. शीर्षक वाचून ठरवू नका.

तपासा: हेच तंत्रज्ञान आधी कुणाला दिलंय का? दिलं असेल तर अनन्य, म्हणजे एकट्यालाच दिलेल्या, परवान्याने की साध्या? त्या कंपनीने माल बाजारात आणला का? नसेल आणला, तर का नाही, हे त्या कंपनीलाच विचारा. दहा लाख वाचवणारा फोन असतो तो.

## टप्पा २ : तंत्रज्ञान कुठवर पोचलंय, ते हाताने मोजा

प्रयोगशाळा टीआरएलचा, म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे त्याचा, आकडा सांगते, १ ते ९ मधला. तो आकडा प्रयोगशाळेनेच स्वतःला दिलेला असतो. तो बाजूला ठेवा आणि हे प्रश्न विचारा:

१. आजवर एका वेळी जास्तीत जास्त किती पट्ट्या किंवा ड्रेसिंग बनवलीत?
२. सलग किती बॅच जुळल्या? त्या एकाच माणसाने बनवल्या की वेगवेगळ्या?
३. किती रुग्णांच्या नमुन्यांवर चाचणी झाली? नमुने ताजे होते की गोठवलेले? तुलना कशाशी केली?
४. कच्च्या मालाचा लॉट बदलल्यावर काय झालं?
५. सर्वांत जुनी पट्टी किती महिन्यांची आहे? ती आज चालवून दाखवाल का?

पाचवा प्रश्न समोर बसून विचारा. दोन वर्षं टिकतं म्हणणाऱ्यांकडे दोन वर्षांची जुनी पट्टी असायला हवी.

लेप्टोच्या किटसाठी तिसरा प्रश्न नेटाने लावून धरा. आजाराच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात अँटिबॉडी पुरेशा नसतात, त्यामुळे ताप आल्यापासून कितव्या दिवशी नमुना घेतला यावर किटची संवेदनशीलता, म्हणजे खरे रुग्ण पकडण्याची क्षमता, वर-खाली होते. दहाव्या दिवसाच्या नमुन्यांवर काढलेला सुरेख आकडा भातलावणीहून तापाने परत आलेल्या, दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलेल्या माणसाला लागू होत नाही. नमुन्यांची दिवसवार फोड मागा. तुलना मॅट चाचणीशी (जिवंत लेप्टो जीवाणूंवर रक्त तपासण्याची मानक पद्धत) झाली की नुसत्या आयजीएम एलायझाशी (अँटिबॉडी शोधणारी नेहमीची रक्तचाचणी), तेही विचारा.

सावधान: शोधनिबंधावर नाव ज्येष्ठ शास्त्रज्ञांचं असलं, तरी मेम्ब्रेनवर, म्हणजे निकाल उमटतो त्या पट्टीच्या पडद्यावर, अँटिबॉडीची रेघ ओढण्याची कला बहुधा प्रकल्प सहायकाच्या हातात असते. तो कंत्राटी असतो आणि प्रकल्प संपला की जातो. तो माणूस अजून तिथे आहे का, त्याची मुदत कधी संपते, हे पहिल्याच भेटीत विचारा. तो जाण्याआधी प्रशिक्षण झालं नाही, तर हातात राहते ती फाईल.

## टप्पा ३ : नियामक वर्ग ठरवा

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणं आणि निदान किट ए, बी, सी, डी अशा चार वर्गांत मोडतात. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज एमडी-३ नमुन्यात. सी आणि डी वर्गाचा केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे. अर्ज एमडी-७ मध्ये. वर्ग एका पायरीने वर गेला की खर्च, वेळ आणि कागद तिन्ही वाढतात. म्हणून फी ठरवण्याआधी सीडीएससीओच्या वर्गवारी यादीत आपली वस्तू शोधा. गंभीर संसर्गाच्या किटचा हिशेब सी वर्ग धरूनच मांडा. ड्रेसिंगच्या बाबतीत ते शरीरात शोषलं जातं का आणि घटक प्राणिजन्य आहे का, या दोन गोष्टींनी वर्ग वर चढतो. कोळंबीचं कायटोसान असेल, तर कवचधारी जलचरांच्या ॲलर्जीचा इशाराही लेबलवर आणि जोखीम फाईलमध्ये आला पाहिजे.

बाजारात तशा प्रकारचं मान्य उत्पादन आधी नसेल, तर नव्या निदान किटचा वेगळा मार्ग लागतो: कामगिरी मूल्यमापनाची परवानगी एमडी-२४ वर मागायची, मग नव्या किटची मंजुरी एमडी-२८ वर. प्रयोगशाळा ‘जगात पहिलंच’ म्हणून अभिमानाने सांगते. उद्योजकाने ते ऐकून थोडं सावरून बसावं.

## टप्पा ४ : जैवविविधता आणि हंगाम

कायटोसान, खारफुटीच्या मातीतला जीवाणू, समुद्री स्पंज, रानातली वनस्पती, यांपैकी कशावर तंत्रज्ञान उभं असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो का ते पाहा. सूक्ष्मजीवही ‘जैविक साधनसंपत्ती’त मोडतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. व्यापारी वापरासाठी भारतीय कंपनीने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर, भारतीय अर्जदाराच्या पेटंटचा शोध अशा साधनसंपत्तीवर असेल तर पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी आणि व्यापारी वापराच्या वेळी मंजुरी, अशी रचना आहे. प्रयोगशाळेने नोंदणी केली का, त्याचा क्रमांक मागा. मंजुरीचं काम कोणी करायचं ते करारात लिहा. त्या मुद्द्यावर करार गप्प असला, तर काम तुमच्याच गळ्यात येतं.

हंगामाचा हिशेब मात्र कुठल्याच नियमावलीत सापडत नाही. लेप्टोचे रुग्ण पावसाळ्यात आणि त्याला लागून येतात. दोडामार्ग भागातल्या माकडतापाचा हंगाम काजूच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मे. मूल्यमापनासाठी ताजे नमुने हवेत, तर नैतिकता समितीची मान्यता आणि चाचणी परवाना हंगामाच्या किमान तीन महिने आधी हातात असला पाहिजे. लेप्टोसाठी याचा अर्थ मार्चअखेर. परवाना ऑगस्टमध्ये आला, तर जिल्हा रुग्णालयाशी बोलणी होईपर्यंत दिवाळी येते आणि वर्ष जातं.

## टप्पा ५ : सहीआधी चाचणी, तीही आपल्या जागेवर

आधी गोपनीयता करार करा. मग थोडं साहित्य तपासणीपुरतं मागा. त्यासाठी साहित्य हस्तांतरणाचा छोटा करार होतो. स्वतःच्या कारखान्यात चाचणीपुरता माल बनवायचा असेल, तर एमडी-१२ वर अर्ज करून एमडी-१३ हा चाचणी परवाना घ्यावा लागतो. ‘विकायचंच नाहीये, मग परवाना कशाला’ हा गैरसमज महागात पडतो, कारण परवान्याशिवाय बनवलेल्या बॅचची आकडेवारी पुढच्या अर्जाला जोडता येत नाही. पुनर्संयोजित (बाहेरचं जनुक घातलेला) क्लोन हाताळणार असाल, तर संस्थात्मक जैवसुरक्षा समिती आधी लागते.

शक्य असेल तर ही चाचणी जून ते सप्टेंबरमध्ये करा. पुण्याच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारीत चाललेली कृती लोट्याला जुलैत चालेलच असं नाही. ते सहीआधी कळलेलं बरं.

तपासा: प्रयोगशाळेने बनवलेल्या २० पट्ट्या आणि तुम्ही बनवलेल्या २० पट्ट्या एकाच दिवशी, त्याच नमुन्यांवर, शेजारी ठेवून चालवा. कुठली पट्टी कोणाची, हे वाचणाऱ्याला सांगू नका.

## टप्पा ६ : करार

कंपनी आधी स्थापन करा. परवाना मालकी फर्मच्या नावावर घेतला आणि मागाहून प्रायव्हेट लिमिटेड केली, तर परवाना आपोआप नव्या कंपनीकडे जात नाही. पुन्हा संमती लागते. बायरॅकची, म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, बहुतेक अनुदानंही कंपनीच्या नावावरच मागावी लागतात.

प्रयोगशाळेचा मसुदा छापील असतो आणि ‘यात बदल होत नाही’ असं सांगितलं जातं. मुख्य मजकुरात खरंच फारसा होत नाही. परिशिष्टात मात्र होतो. म्हणून भांडायचं ते परिशिष्टांवर.

परिशिष्ट अ, काय मिळणार. पेशींच्या कुप्या किती, कुठल्या पासेजच्या (किती वेळा वाढवून वाटलेल्या), मायकोप्लाझ्मा (पेशी दूषित करणारा सूक्ष्म जीवाणू) चाचणीच्या अहवालासह, कृतीची लेखी प्रत, कच्च्या मालाची पुरवठादार आणि कॅटलॉग क्रमांकासह यादी, कच्ची आकडेवारी, किती माणसांना किती दिवस प्रशिक्षण, आणि त्यातले किती दिवस तुमच्या कारखान्यात. ‘आवश्यक ते सर्व साहाय्य’ हे शब्द काढायला लावा. त्यातून काही वसूल करता येत नाही.

परिशिष्ट ब, यश कशाला म्हणायचं. सरकारी संस्था तंत्रज्ञान ‘आहे तसं’ देतात, हमी देत नाहीत. म्हणून हस्तांतरण पूर्ण झाल्याची कसोटी आकड्यांत बांधा: तुमच्या जागेवर, तुमच्या माणसांनी बनवलेल्या सलग तीन बॅच, प्रयोगशाळेच्याच ठरलेल्या नमुना संचावर, ठरलेल्या मर्यादेत. फीचा शेवटचा हप्ता या कसोटीला जोडा. सहीला ४०, साहित्य आणि कागद मिळाल्यावर ३०, तीन बॅचनंतर ३० टक्के, अशी फोड मागायला हरकत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी फी जाहीर असते आणि परवाना अनन्य नसतो. तिथे हप्त्यांवर बोलण्यापेक्षा प्रशिक्षणाच्या दिवसांवर बोला.

रॉयल्टी. टक्केवारीवर सगळे घासाघीस करतात आणि किमान वार्षिक रॉयल्टीचं कलम न वाचता सही करतात. हिशेब करून बघा. किट ६० रुपयांना जातं, वर्षाला १ लाख किट, म्हणजे विक्री ६० लाख. ३ टक्क्यांनी रॉयल्टी १ लाख ८० हजार. पण किमान ३ लाख लिहिलेली असेल, तर तुम्ही ५ टक्के भरताय. पहिल्या वर्षी २० हजारच किट गेली तर विक्री १२ लाख, रॉयल्टी तीच ३ लाख, म्हणजे २५ टक्के. किमान रॉयल्टी ‘सहीपासून’ नको, ‘विक्री परवाना मिळाल्यानंतर एक वर्षाने’ सुरू व्हावी. नियामक मंजुरीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

‘निव्वळ विक्री’ची व्याख्या वाचा. जीएसटी, वाहतूक, परत आलेला माल वजा होतो ना? किटबरोबर बाहेरून आणलेला लॅन्सेट किंवा रीडर विकत असाल, तर त्याची किंमत वगळली आहे ना?

वापराचं क्षेत्र. ‘मानवी निदान’ असं लिहिलं असेल, तर तेच किट जनावरांसाठी विकता येणार नाही. लेप्टो गुरांनाही होतो. दोन्ही क्षेत्रं सुरुवातीलाच मागा, मागाहून ती वेगळ्या फीवर मिळतात. स्वतःचा कारखाना तयार होईपर्यंत दुसऱ्याच्या कारखान्यात लोन लायसन्सवर माल काढायचा असेल, तर तशी परवानगीही याच कलमात घाला.

सुधारणा. कृती तुमच्याकडे सुधारणारच. त्या सुधारणेचे अनन्य हक्क प्रयोगशाळेला परत द्यावेत, असं कलम असेल तर पेटंट कायद्याच्या कलम १४० वर बोट ठेवा. परवाना करारातली असली अट तिथे अवैध ठरवली आहे. पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायचं नाही, ही अटही त्याच यादीत आहे. भांडण न करता ‘सुधारणा तुमची, प्रयोगशाळेला संशोधनापुरता मोफत वापर’ असा मधला मार्ग बहुधा निघतो.

सावधान: फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. ८ लाखांची फी म्हणजे ९ लाख ४४ हजार रुपये. टीडीएस कापायचा का, हे सीएला सहीआधी विचारा. संस्था करमुक्त असेल तर तसं प्रमाणपत्र मागून फाईलला लावा.

## टप्पा ७ : मुद्रांक आणि नोंद

छोटा टप्पा, पण विसरला जातो. गोव्यात किंवा दिल्लीत सही झालेला करार महाराष्ट्रात वापरायला आणला, की इथलं मुद्रांक शुल्क जास्त असल्यास फरक भरावा लागतो. किती, याबद्दल शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या.

पेटंटचा परवाना लेखी असला तरच कायद्याने टिकतो, आणि त्याची नोंद पेटंट रजिस्टरला नमुना १६ ने करायची असते. नोंद नसेल, तर वादाच्या वेळी तो कागद हक्काचा पुरावा म्हणून मान्य होण्यात अडचण येते. अर्ज जिथे दाखल झाला होता त्याच पेटंट कार्यालयात नोंद होते. तुमचा कारखाना रत्नागिरीत आहे म्हणून मुंबई कार्यालयात पाठवू नका. मूळ अर्ज दिल्लीचा असेल तर नमुनाही दिल्लीलाच जातो.

## टप्पा ८ : प्रत्यक्ष हस्तांतरण

इथून कागद थोडे बाजूला. कोकणात हस्तांतरण फसतं ते इथेच, आणि फसवणारं सहसा पाणीच असतं: हवेतलं, नळातलं, नाहीतर ढगातलं.

पेशी आणणं. हायब्रिडोमाच्या कुप्या कोरड्या बर्फात आणतात, साधारण उणे ७८ अंश. चोवीस तासांच्या प्रवासाला जाड थर्माकोलच्या पेटीत किमान १० किलो बर्फ धरा. पेटी हवाबंद करू नका, वायू साठून ती फुटते. गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, कारण हा बर्फ विरघळत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बंद गाडीत चालकाला गुंगी येते. पावसाळ्यात वरंधा घाटाच्या भरवशावर निघू नका. कुंभार्लीने उतरा आणि परशुराम घाटाची स्थिती सकाळी विचारून घ्या. शक्यतो हे काम नोव्हेंबर ते मेमध्ये उरका.

पोचल्यावर त्याच दिवशी कुप्या द्रव नत्रात गेल्या पाहिजेत. उणे ८० चा फ्रीज हा काही दिवसांचा निवारा, कायमचं घर नव्हे. द्रव नत्राचा पुरवठा कुठून येणार हे आधी ठरवा. जिल्ह्यात कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन खात्याकडे तो नियमित येतो, म्हणजे पुरवठादाराची गाडी तुमच्या तालुक्यात आधीच फिरते आहे. त्याच फेरीत तुमचं कंटेनर भरून घेण्याची व्यवस्था लावा.

पेशीसाठ्याचे दोन भाग करा: अर्धा तुमच्याकडे, अर्धा घाटावर. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. जनरेटरचं डिझेल संपतं, घाट बंद असतो, आणि पेशी वाट बघत नाहीत.

पाणी. कॉन्जुगेटसाठी, म्हणजे पट्टीवर रंग देणाऱ्या अँटिबॉडी जोडलेल्या कणांसाठी, लागणारं कोलॉइडल सोनं क्षारांना फार हळवं असतं. साधारण ४० नॅनोमीटर कणांचं सोनं वाइनसारखं लालभडक दिसतं. भांड्याला क्षार राहिला असेल तर ते डोळ्यांदेखत जांभळं, मग निळसर होतं. खाडीजवळच्या बोअरवेलला एप्रिल-मेमध्ये खारं पाणी शिरतं, आणि मार्चमध्ये नीट चाललेली कृती मेमध्ये बिघडते. माणसं अँटिबॉडीला दोष देतात. दोष भांडी धुतलेल्या पाण्याचा असतो. शेवटचं विसळणं १८ मेगाओह्मच्या शुद्ध पाण्यानेच करा आणि आरओचं कार्ट्रिज ठरलेल्या तारखेने नाही, वाहकता मोजून बदला. उन्हाळ्यात ते लवकर संपतं.

हवा. मेम्ब्रेनवर रेघ ओढण्याच्या खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते; त्याहून कोरड्या हवेत स्थिर वीज त्रास देते. पण सुकवणं, जोडणी आणि पाऊचबंदी यांना २०-२५ टक्क्यांखालची हवा हवी. म्हणजे खोल्या दोन. एकाच खोलीत दोन्ही कामं करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. जुलैत बाहेर ९० टक्के दमटपणा असताना नुसत्या एसीने खोली ४५-५० टक्क्यांखाली जात नाही; सिलिका जेलच्या चक्राचा डीह्युमिडिफायर लागतो. हा खर्च प्रकल्प अहवालात नसतोच, कारण तो प्रयोगशाळेला कधी आलेला नसतो.

दमट खोलीत बंद केलेली पट्टी पहिल्या दिवशी छान चालते. दोन-तीन महिन्यांनी पाऊच उघडला, की कॉन्जुगेट पॅडवर करडा-जांभळा डाग राहतो, रंग पुढे सरकत नाही आणि नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) फिकी उमटते. पाऊचमधली सिलिका जेलची पुडी आत आलेला दमटपणा काही काळ शोषते, खोलीचं काम करत नाही. पुडी किती वेळ उघड्यावर होती तेही पाहा. उघड्या ट्रेमध्ये अर्धा दिवस पडलेली पुडी पाऊचमध्ये जाण्याआधीच भरलेली असते.

बॅच. पट्ट्या ज्यातून कापतात ते ३०० मिलिमीटरचं कार्ड ४ मिलिमीटरने कापलं तर ७५ पट्ट्या. दोन्ही टोकांच्या तीन-चार टाकून द्या, तिथे रेघ सारखी नसते. तपासणीसाठी पट्ट्या कार्डाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून घ्या. नुसत्या मधल्या घेतल्या तर रेघ ओढणारी सुई हळूहळू तुंबत गेल्याचं कळत नाही. पहिली बॅच प्रयोगशाळेच्या माणसाने बनवावी, तुमची माणसं बघतील. दुसरी तुमची माणसं बनवतील, तो बघेल. तिसरी बॅच बनवताना तो खोलीत नसावा.

तपासा: तिसरी बॅच बनवणाऱ्याने लेखी कृतीत नसलेली कोणतीही गोष्ट केली का? ‘जरा थांबायचं’, ‘रंग बघून’, ‘हलक्या हाताने’ असे शब्द कृतीत उरले असतील, तर तिथे मिनिटं, तरंगलांबी आणि फेरे लिहा. सोन्याचा रंग डोळ्यांनी नाही, प्रकाशशोषणाच्या सुमारे ५२५ ते ५३० नॅनोमीटरच्या शिखरावरून ठरवा.

## टप्पा ९ : परवाना आणि विक्रीनंतरची कामं

तीन बॅचची आकडेवारी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कामगिरी अहवाल आणि गुणवत्ता प्रणालीचे कागद घेऊन उत्पादन परवान्याचा अर्ज करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकार-पत्र याच काळात मार्गी लावा. ते शेवटी ठेवलं, की तपासणीच्या दिवशी तेवढ्यावर अडतं.

टिकाऊपणाचे नमुने शून्य, ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांना काढा. एक संच नियंत्रित कपाटात ठेवा आणि एक तुमच्या गोदामात, पत्र्याच्या छपराखाली, तापमान नोंदवहीसह. उपकेंद्रातलं कपाट दुसऱ्या संचाच्याच जवळचं असतं.

रॉयल्टीचं विवरण विक्री शून्य असली तरी ठरलेल्या तारखेला पाठवा. न पाठवणं हे बहुतेक करारांत परवाना रद्द करण्याचं कारण असतं. आणि पेटंटच्या वापराचं विवरण, म्हणजे नमुना २७, पेटंटधारकाप्रमाणे परवानाधारकालाही भरावं लागतं. २०२४ च्या नियमांपासून ते दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा, तो काळ संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरायचं आहे. प्रयोगशाळेने तिचं भरलं म्हणून तुमचं भरलं जात नाही.